परीक्षेचा कागद आणि त्याचा हिशेब

दरवर्षी पावसाळा ओसरला की आम्ही वसतिगृहातील पाचवीच्या मुलामुलींना त्रिरश्मी लेण्यांवर घेऊन जातो. पायऱ्या चढून झाल्या, वंदना झाली, की दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत त्यांना बसवतो आणि एक गणित घालतो. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने या लेण्यात राहणाऱ्या भिक्खुसंघासाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. त्यांतील २,००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने आणि उरलेली १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, केवळ व्याज वापरायचे. २,००० कार्षापणांच्या व्याजातून येथे वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे द्यायची. सांगा पाहू, हिशेब जुळतो का? मुले बोटांवर मोजतात. महिन्याला २०, वर्षाला २४०, वीस जणांत वाटले तर प्रत्येकी १२. हिशेब तंतोतंत जुळतो आणि मुलांच्या चेहऱ्यावर हसू फुटते.

एका वर्षी एका मुलाने विचारले, "सर, पण एवढा हिशेब दगडावर कशाला कोरला?" प्रश्न साधा होता, उत्तर मोलाचे आहे. दान कोणी दिले, पैसा कोठे ठेवला, त्यातून कोणाला किती मिळायचे, हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता यावे म्हणून. हे दान निगमसभेत जाहीर करून दप्तरी नोंदवले, असेही त्याच लेखात सांगितले आहे. सार्वजनिक हितासाठी होणारा खर्च सर्वांसमक्ष मांडावा, ही रीत आपल्या नाशिकच्या डोंगरावर इतकी जुनी आहे.

स्मरणिकेत गौरवाची पाने असतात आणि ती असावीतच. या पानांवर आम्ही मात्र अशा एका हिशेबाविषयी लिहीत आहोत, जो कोठेही कोरलेला नाही. शालेय परीक्षा कागदावर घेण्यास किती खर्च येतो, तो कोण करतो, आणि कागद काढून संगणक आणला तर तो खर्च खरोखर संपतो की केवळ एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, हा तो हिशेब. आमच्या शाळेतील मुलांच्या पुढील आयुष्याशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर तो मांडण्याचे धाडस करतो.

आमच्याकडील मूल दहावी होईपर्यंत किती सार्वत्रिक परीक्षांना बसते, ते आधी पाहू. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा आहेच. चौथी-सातवीत होणारी ही परीक्षा २०१६-१७ मध्ये पाचवी-आठवीत नेण्यात आली होती. प्रत्येकी १५० गुणांचे दोन पेपर, पर्यायी प्रश्न, आणि उत्तरासाठी गोल रंगवायची ओएमआर पत्रिका. अलीकडच्या वर्षांत राज्यभरातून आठ-नऊ लाखांच्या घरात मुले या परीक्षेला बसतात. आठवीत आर्थिक दुर्बल घटकांसाठीची एनएमएमएस परीक्षा असते. तिच्यात निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. कोणी नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसते. शेवटी दहावीची बोर्डाची परीक्षा येते. तिला राज्यात दरवर्षी पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात आणि आपल्या नाशिक विभागीय मंडळाकडे नाशिकसह धुळे, जळगाव व नंदुरबार हे जिल्हे येतात. या सर्व परीक्षा आम्ही कागदावरच होताना पाहत आलो आहोत.

अशा एका प्रश्नपत्रिकेचा प्रवास सोपा नसतो. प्रश्न काढणारे वेगळे, तपासणारे वेगळे. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी मराठीखेरीज उर्दू, हिंदी, गुजराती, इंग्रजी, कन्नड, तेलुगू अशा माध्यमांत ते प्रश्न उतरवावे लागतात. मग गोपनीय छपाई, मोहोरबंद पाकिटे, जिल्ह्याच्या ठिकाणी वाहतूक, तेथून तालुक्याच्या कस्टडीत मुक्काम, कस्टडीवर पहारा. बोर्डाच्या परीक्षेत त्या दिवशी सकाळी रनर पाकिटे घेऊन केंद्रावर जातो आणि वर्गात विद्यार्थ्यांसमक्ष ती फोडली जातात. केंद्रसंचालक, पर्यवेक्षक, बैठे पथक, भरारी पथक असा मनुष्यबळाचा फौजफाटा लागतो. परीक्षा संपली की हाच प्रवास उलट दिशेने होतो. नोटा आणि मुद्रांक जेथे छापले जातात त्या नाशिकरोडच्या शेजाऱ्यांना सुरक्षित छपाई म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. कागद स्वस्त असतो, त्याची राखण महाग असते.

याखेरीज एक खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही. तो शिक्षकांच्या वेळेचा. परीक्षेच्या कामासाठी शिक्षक बाहेर जातात, केंद्र असलेल्या शाळेतील इतर इयत्तांचे वर्ग त्या दिवसांत बंद राहतात. पर्यवेक्षणाचे मानधन मोजता येते, बुडालेले तास कोणी मोजत नाही. कागदावरच्या परीक्षेचा सार्वजनिक खर्च सांगताना हे तासही धरले पाहिजेत. आम्ही कागदाची बाजू घेणार आहोत, म्हणूनच त्याचा खर्च कमी करून सांगणे आम्हाला शोभणार नाही.

कागद फुटतो, हेही मान्य केले पाहिजे. मार्च २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पाने परीक्षेच्या दिवशीच मोबाइलवर फिरली. पुढच्याच वर्षी, ५ मे २०२४ रोजी झालेल्या वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेने तर देश ढवळून निघाला. कागदावर घेतलेल्या या परीक्षेला सुमारे २४ लाख विद्यार्थी बसले होते. हजारीबाग आणि पाटणा येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले, मात्र संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास नकार दिला. एका फुटलेल्या पाकिटापायी लाखो प्रामाणिक मुलांनी महिनोन्‌महिने टांगणीला लागून काढले. हादेखील कागदाचाच खर्च होय.

त्यामुळे 'परीक्षा संगणकावर न्या' ही सूचना वारंवार पुढे येते, तेव्हा तिच्यामागे तथ्य असते. राज्याची एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. जेईई मेन त्याच वर्षापासून पूर्णपणे संगणकावर गेली. नीटच्या प्रकरणानंतर इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनेही प्रवेश परीक्षांसाठी हीच दिशा दाखवली. संगणकावर छपाई नाही, वाहतूक नाही, पाकीट नाही. निकाल लवकर लागतो. दृष्टी अधू असलेल्या मुलाला अक्षर मोठे करून वाचता येते. हे लाभ खरे आहेत. आमचे कित्येक माजी विद्यार्थी पुणे-बंगळूरच्या संगणक क्षेत्रात आहेत, ते भेटले की हेच सांगतात आणि त्यांचे म्हणणे आम्ही आदराने ऐकतो.

आमचा आक्षेप संगणकाला नाही. 'त्यामुळे खर्च वाचेल' या वाक्याला आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडून दहावी होऊन गेलेली एक विद्यार्थिनी बारावीनंतरच्या एका संगणकीय प्रवेश परीक्षेला बसली. वडील द्राक्षबागेत रोजंदारीवर. केंद्र तिच्या गावापासून इतके दूर आले की आदल्या दिवशीच निघावे लागले. दोघांचे एसटीचे भाडे, एका रात्रीचा मुक्काम, बाहेरचे जेवण आणि वडिलांची दोन दिवसांची बुडालेली मजुरी, एवढे सगळे एका पेपरसाठी. परत आल्यावर ती आम्हाला भेटली तेव्हा खर्चाबद्दल काहीच बोलली नाही. म्हणाली, "मॅडम, पहिली वीस मिनिटं तर माझा हातच थरथरत होता. मागच्या प्रश्नावर कसं जायचं तेच कळेना. उत्तर येत होतं." उत्तर येत होते, ते पडद्यावर पोहोचत नव्हते. तिने त्याआधी उंदीर, म्हणजे माउस, हातात धरला होता तो आमच्याच प्रयोगशाळेत, एका संगणकासमोर चौघी बसून.

या प्रसंगाचा हिशेब मांडून पाहा. समजा, परीक्षा संगणकावर नेल्याने शासनाचे एका मुलामागे १०० रुपये वाचले आणि त्याच मुलाच्या घरचे ५०० रुपये गेले. शासकीय दप्तरात बचतीची नोंद होईल, समाजाच्या खात्यात मात्र ४०० रुपयांची तूट आलेली असेल. ती तूट द्राक्षबागेतल्या मजुराच्या खिशातून भरली गेल्यामुळे कोणत्याही ताळेबंदात दिसणार नाही. २०२३ साली वाढवलेल्या दराने पाचवीच्या शिष्यवृत्तीधारकाला वर्षाला ५,००० आणि आठवीच्या ७,५०० रुपये मिळतात. ही रक्कम मिळवण्याच्या आशेवर असलेल्या शेकडो घरांनी प्रवासालाच पैसे मोजायचे, आणि शिष्यवृत्ती त्यांतील मोजक्यांनाच मिळायची, तर ते दान नव्हे, उलटी वसुली झाली.

कागदी परीक्षेचे केंद्र मुलाच्या जवळ नेता येते, हा कागदाचा सर्वांत मोठा गुण आहे. बाके, पंखा आणि पिण्याचे पाणी असलेली कोणतीही शाळा केंद्र होऊ शकते. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या आपल्या आदिवासी तालुक्यांत परीक्षा मुलाच्या परिसरात पोहोचते ती म्हणूनच. संगणकीय परीक्षेला शेकडो सारखी यंत्रे, अखंड वीज, जनित्र आणि तंत्रज्ञ लागतात. ते जेथे आहेत तेथे मुलाला जावे लागते. कागदाच्या बाबतीत प्रवास प्रश्नपत्रिका करते आणि तिचे भाडे शासन भरते. संगणकाच्या बाबतीत प्रवास मूल करते आणि भाडे पालक भरतो.

संगणकीय परीक्षा शासनाला तरी फुकट पडते काय? केंद्रांचे भाडे, यंत्रणा चालवणाऱ्या कंपनीचे दरडोई शुल्क, प्रश्नपेढी, सुरक्षा, सगळे आलेच. लाखो मुले एकाच वेळी बसू शकत नाहीत, म्हणून अनेक सत्रे घ्यावी लागतात. प्रत्येक सत्राला वेगळी प्रश्नपत्रिका, आणि मग कोणाचे सत्र सोपे, कोणाचे अवघड, याची तड लावण्यासाठी पर्सेंटाइलचे गणित. चुकाही टळत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये एमएचटी-सीईटीच्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांत चुका आढळल्या आणि सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा ५ मे रोजी घ्यावी लागली. घाईने केलेला बदल किती महाग पडतो, याचा धडा तर महाराष्ट्राने २०१७ मध्येच घेतला आहे. मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका एकाच हंगामात पडद्यावर तपासायला घेतल्या. ३१ जुलैची मुदत उलटून गेली, निकाल लांबले, विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश अडले आणि अखेरीस कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्या यंत्रणेत दोष होते की नव्हते, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. तयारीवाचून केलेली बचत दुप्पट वसूल होते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१५ आणि २०१६ साली काही शाळांनी एकच सार्वत्रिक चाचणी कागदावर दिली, काहींनी संगणकावर. संशोधकांनी तुलना केली तेव्हा संगणकावर परीक्षा दिलेल्या मुलांचे गुण कमी आढळले. गणितापेक्षा भाषेत ही घट अधिक होती, आणि दुसऱ्या वर्षी, सरावानंतर, ती कमी झाली. घराघरांत संगणक असलेल्या देशातली ही स्थिती. यातून दोन गोष्टी कळतात. पहिल्या वर्षी पडदा मुलाच्या ज्ञानाबरोबर त्याच्या सवयीचीही परीक्षा घेतो. आणि सवय लावली तर अंतर मिटू लागते.

ऑस्ट्रेलियाने आपली राष्ट्रीय चाचणी टप्प्याटप्प्याने संगणकावर नेली, पण तिसरीच्या मुलांचे लेखन मात्र कागदावरच ठेवले. पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' ही जागतिक चाचणी २०१५ पासून मुख्यतः संगणकावर होते, तरीही सिद्धता नसलेल्या देशांना कागदाची मुभा ठेवण्यात आली. आपल्या देशातही १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेले राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण सुमारे ३४ लाख मुलांकडून २२ भाषांत कागदावरच घेतले गेले. मूल जेथे शिकते तेथे जाऊन, त्याच्याच भाषेत, त्याच्या सवयीच्या साधनाने त्याला प्रश्न विचारण्याचा तो मार्ग होता.

आता आपली सिद्धता पाहू. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार देशातील शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता, ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्क्यांकडे. त्यानंतर मोबाइल घरोघर पोहोचला, पण मोबाइलवर अंगठा फिरवणे आणि परीक्षेच्या संगणकावर तीन तास काम करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शाळांकडे पाहावे, तर २०२३-२४ च्या यूडायस अहवालात देशातील ५७.२ टक्के शाळांत चालू स्थितीतील संगणक आहेत. उरलेल्या शाळांतील मूल परीक्षेच्या दिवशी प्रथमच यंत्रासमोर बसणार असेल, तर त्या परीक्षेला गुणवत्तेची परीक्षा म्हणता येणार नाही. तिचा निकाल घर पाहून लागेल.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि ती केवळ वंदनेपुरती नाही. कोणता खर्च कोणी उचलावा, कोणता भार कोणाच्या माथी पडतो, हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १९२७ च्या मार्चमध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकार माणशी शिक्षणावर किती खर्च करते आणि माणशी अबकारीतून किती मिळवते, हे आकडे समोरासमोर ठेवले. शिक्षण खात्याकडे दिल्या-घेतल्याच्या हिशेबाने पाहता येणार नाही, शिक्षण होईल तितके स्वस्त केले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षण स्वस्त करायचे ते कोणासाठी, हा प्रश्न त्यात गृहीत आहे. शासनासाठी स्वस्त आणि शिकणाऱ्यासाठी महाग, असा अर्थ त्यातून निघू शकत नाही.

मग आमचे म्हणणे काय? कागद कायमचा ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे आमच्याच मुलांवर अन्याय ठरेल. दहावीपर्यंत केवळ गोल रंगवलेल्या मुलाला बारावीनंतर एकाएकी पडद्यासमोर बसवले, तर काय होते ते आम्ही त्या विद्यार्थिनीच्या थरथरत्या हातात पाहिले आहे. पूर्णतः कागदावर वाढवणे आणि एका दिवशी पूर्णतः संगणकावर ढकलणे, या दोहोंत मूल एकटे पडते. मध्यम मार्ग हा आपल्याला नवा शब्द नाही. येथे तो आचरणात आणण्याची संधी आहे.

शासनाकडे आमच्या मागण्या तीनच आहेत. पहिली, प्रत्येक सार्वत्रिक परीक्षेच्या निकालाबरोबर तिचा हिशेबही जाहीर करावा. छपाई, वाहतूक, मानधन, तपासणी मिळून एका मुलामागे किती खर्च आला, त्यातील किती परीक्षा शुल्कातून आला आणि किती शासनाने दिला, हे चार ओळींत सांगता येते. माध्यम बदलायचे असेल तेव्हा दोन्ही माध्यमांचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत, आणि पालकाच्या प्रवासाचा व बुडालेल्या मजुरीचा रकाना त्यात आवर्जून असावा. उषवदाताला जे २० भिक्खूंच्या चीवरांसाठी जमले, ते लाखो मुलांच्या परीक्षेसाठी जमू नये, असे नाही.

दुसरी मागणी, प्राथमिक व उच्च प्राथमिक इयत्तांच्या परीक्षा कागदावरच ठेवाव्यात, आणि त्यापुढील परीक्षा संगणकावर नेण्याआधी मुलाला स्वतःच्या शाळेत किमान दोन वर्षे त्याच धर्तीचा सराव मिळाला असला पाहिजे. सराव मिळाला नसेल तेथे कागदाचा पर्याय राहिला पाहिजे. काही हजार मुलांसाठी वेगळ्या प्रश्नपत्रिका छापणे प्रत्येक प्रतीमागे महाग पडेल, याची आम्हाला जाणीव आहे. पण डोंगरातल्या एका वाडीसाठी एसटीची फेरी चालवणेही तोट्याचेच असते. ती आपण चालवतो, कारण त्या वाडीतली माणसेही आपलीच आहेत.

तिसरी मागणी, संगणक आणायचाच असेल तर तो मुलाजवळ न्यावा. राधाकृष्णन समितीने केंद्रीय व नवोदय विद्यालयांत परीक्षा केंद्रे उभारण्याची आणि दुर्गम भागांसाठी फिरत्या केंद्रांची शिफारस केली आहे. आमच्या मते आश्रमशाळा आणि निवासी शाळाही त्यात घ्याव्यात. तेथे मुले वर्षभर राहतात, तेथे बसवलेले यंत्र परीक्षेच्या एका दिवसाऐवजी वर्षाचे बाराही महिने कामी येईल. परीक्षेवर केलेला खर्च शिक्षणावरचा खर्च व्हावा, याहून चांगली बचत कोणती?

मागण्या करून स्वस्थ बसणे आम्हाला शिकवलेले नाही, म्हणून आमच्या बाजूचेही काही सांगतो. यंदापासून आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाला महिन्यातून एकदा संगणकावर पूर्ण वेळेची सराव परीक्षा द्यायला लावायची आणि पाचवीच्या मुलांना कागदावरच ठेवायचे, असे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी एका मुलामागे एक यंत्र लागेल, चौघांत एक पुरणार नाही. माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की जुना, बिघडलेला संगणक दान म्हणून पाठवू नये. तसे अनेक आमच्या कोठीत धूळ खात आहेत. चालू यंत्र द्यावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे महिन्यातला एक रविवार द्यावा. मुलांच्या शेजारी बसून मागच्या प्रश्नावर कसे जायचे, वेळ कसा पाहायचा, वीज गेली तर न घाबरता कसे थांबायचे, एवढे दाखवले तरी पुरे. पालकांना विनंती आहे की परीक्षेसाठी झालेला प्रवासाचा आणि मजुरीचा खर्च आम्हाला लिहून कळवावा. एका घराचा आकडा तक्रार ठरतो, तीनशे घरांचा आकडा निवेदन ठरतो. तो आम्ही संबंधितांपर्यंत पोहोचवू, आणि ज्यांना जे मिळाले व ज्यांनी जे दिले, त्याचा हिशेब पुढच्या स्मरणिकेत याच जागी छापू.

येत्या पावसाळ्यानंतर पाचवीची नवी तुकडी लेण्यांवर जाईल. तीच पायवाट, तेच गणित, महिन्याला २० आणि वर्षाला २४०. कोणी विचारलेच की हे दगडावर का कोरले, तर आम्ही सांगू की देणाऱ्याने घेणाऱ्याला अंधारात ठेवू नये म्हणून. मग त्यांना खाली आणून, ज्या परीक्षेला ती बसणार आहेत तिच्या खर्चाचा फळा आम्ही आमच्या वर्गात तरी लिहून दाखवू.